पिवळी नळी

पुणे
६ जानेवारी २०२५

प्रिय वसुधा,

कागदावर लिहिलेलं पत्र बघून तुला वाटेल, हेमंत वर्तक म्हातारा झाला. झालाच आहे, पण कारण ते नाही. अधिष्ठाता झाल्यापासून माझे ईमेल आधी कार्यालयातल्या तिघांच्या डोळ्यांखालून जातात आणि त्यांतला एक जण परस्पर उत्तरंही देतो. एका परिषदेला मी 'अत्यंत आनंदाने' होकार दिल्याचं मला तिकीट हातात पडल्यावर कळलं. तेव्हा तूही कागदावरच लिही, घरच्या पत्त्यावर.

विषय असा की अच्युत सर ऐंशी वर्षांचे होताहेत. बारा एप्रिलला समारंभ आहे. शाल, श्रीफळ, आणि सरांना न आवडणाऱ्या माणसांची सरांना न आवडणारी भाषणं. शिवाय एक गौरवग्रंथ. संपादक मी. त्यात मुख्य लेख तुझा हवा. सरांच्या प्रयोगशाळेत २००४ साली थंडी ओळखणारं चॅनेल सापडलं, ते तुझ्या हातांनी सापडलं. कातडीखालच्या मज्जापेशीच्या पडद्यात प्रथिनाचं एक इवलं दार असतं, गार पाणी लागताच ते उघडतं आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ उडी मारते, हे जगात पहिल्यांदा तू पाहिलंस. आता ती आकृती पाठ्यपुस्तकात आहे. खाली सरांचं नाव, मग तुझं, मग माझं. मी नुसता तुझ्या खुर्चीमागे उभा होतो, पण उभा होतो एवढं लेखात येऊ दे.

दोन हजार शब्द, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत थोडं पाणी येईल असे. मुदत फेब्रुवारीअखेर.

तुझा,
हेमंत


सोनागिरी, भोपाळ
१९ जानेवारी २०२५

माननीय अधिष्ठाता महोदय,

पत्र मिळालं. आईने ते पोस्टमनकडून घेतलं आणि टेबलावर ठेवून "कोर्टाचं तर नाही ना?" म्हणत अर्धा तास त्याच्याकडे बघत बसली. आमच्याकडे हल्ली कागदावर फक्त वाईट बातम्या येतात.

माझी खुशाली ऐक. संस्था शहराच्या एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला, मधे रोज सव्वा तास बस. बाबांनी बरखेड्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं टर्बाइनची पाती घासली आणि कुठे कुठे दिवे लागले. मी बारा वर्षं चॅनेल घासतेय, अजून काही लागलेलं नाही.

लेख लिहीन. एक बारीकशी अडचण आहे, आणि ती लेखाच्या विषयाशी जरा संबंधित आहे. इथे ते चॅनेल उघडत नाही.

संपदा ही माझी विद्यार्थिनी, तिसऱ्या वर्षाला आहे. पेशी ठणठणीत, यंत्र ठीक, बर्फाचं पाणी सोडलं की रेघ सरळ. माझ्या कारकिर्दीसारखी. तिच्याआधी जितेंद्र वैरागडे चार वर्षं हेच करत होता. त्यालाही काही मिळालं नाही. मी त्याला शेवटी सांगितलं, तुझे हात या कामाचे नाहीत. २०२१ मध्ये तो पीएच.डी. अर्धवट सोडून गेला. हल्ली कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आई अजून ऐकवते, "किती सीधा मुलगा होता, तू त्याला भगवून दिलंस."

आता संपदाचेही हात वाईट म्हणायचे, तर माझ्या जिभेला ते वळत नाही. तिचे हात माझ्याहून चांगले आहेत. तिचं म्हणणं असं, की पेशी त्याच, क्षार तेच, यंत्र तेच, म्हणजे फरक पाणी ज्या वाटेने येतं तिथे असणार. पुण्याच्या जुन्या वह्या तुझ्या ताब्यात आहेत. बर्फाचं पाणी पेशीपर्यंत आणायला आपण कसली नळी वापरत होतो, ते बघून कळव. मला ही शंका खुळचट वाटते, पण शहाणी शंका माझ्याकडेही नाही.

वसुधा


पुणे
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय वसुधा,

धन्य आहे. गौरवग्रंथाला लेख मागितला तर बाई नळीची चौकशी करतात. वीस वर्षांनी कुणाला आठवतंय, ती पिवळी होती का हिरवी? वह्या तळघरात आहेत, तळघराला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे हे शोधायला समिती नेमावी लागेल.

मित्र म्हणून सांगतो. तुझ्याकडे चॅनेल उघडत नाही, यात चॅनेलचा दोष नाही. दोन परदेशी प्रयोगशाळांत ते उघडलं आहे. भोपाळचं पाणी बघ, वीज बघ, त्या मुलीची झोप बघ. पोरं हल्ली कानात गाणी घालून प्रयोग करतात.

आणि आणखी एक, तोंडावर बोललो नसतो. सरांनी स्वतःचं नाव तुझ्या आधी घातलं, ते तुला तेव्हाही लागलं होतं. लागणारच. पण एकवीस वर्षांनी, त्यांच्या ऐंशीला, तो हिशेब काढू नकोस.

नव्या निधी समितीवर एक जागा रिकामी आहे. तुझं नाव सुचवायचं मनात आहे. सुचवता येईल असं वाग.

लेख कुठवर आला?

हेमंत


सोनागिरी, भोपाळ
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय हेमंत,

समिती नेमू नकोस. मी दिलीपभाऊंना फोन केला. हो, तेच. आपली काचेची भांडी धुणारे, आपण फोडलेली स्वतःच्या नावावर खपवणारे. निवृत्त होऊन धायरीला राहतात. मी विचारलं, "भाऊ, २००४ साली थंड पाण्याला कसली नळी होती?" एका दमात म्हणाले, "पिवळी. रबराची. बोहरी आळीतून मीच आणायचो. तुमची काचेची बर्फाच्या डब्यापर्यंत पोचत नव्हती ना." मी म्हटलं, इतकं कसं लक्षात? तर म्हणाले, "हेमंत सरांनी पण एकदा ह्याच नळीचं विचारलं होतं. बाकी कुणी विचारलंच नाही." घरात उरलेलं एक वेटोळं होतं, ते त्यांनी कुरिअरने पाठवलं. नळीची चौकशी तू केली होतीस आणि रंगही तुला बरोब्बर आठवला. फक्त आठवत नाही असं आठवलं. वय झालं तुझं, बदाम खा.

आता मुद्दा. बसून वाच.

संपदाने पिवळ्या नळीतून बर्फाचं पाणी सोडलं. रेघ उडाली, हुबेहूब पाठ्यपुस्तकातल्यासारखी. मी टाळ्या वाजवल्या. तिने नाही वाजवल्या. तिने त्याच नळीतून कोमट पाणी सोडलं. रेघ उडाली. मग काचेच्या नळीतून बर्फाचं पाणी. रेघ सरळ. दहा दिवस, चाळीस पेशी, दर वेळी हेच.

त्या चॅनेलला थंडी कळत नाही, हेमंत. त्याला रबर कळतं. रबरातून काहीतरी पाण्यात झिरपतं आणि ते दार उघडतं. आपण कोमट पाणी काचेतून देत होतो आणि गार पाणी रबरातून, म्हणून फरक थंडीचा वाटला. परदेशी मंडळींनी आपलं वाचून तसंच रबर आणलं असणार. ज्यांना काही मिळालं नाही ते आपापल्या हातांना दोष देत गप्प बसले. माणसाला थंडी कशी वाजते ते आपण शोधलं, असं जगाला सांगितलं. शोधलं होतं ते रबर कसं वाजतं.

परवा एम. पी. नगरला जितेंद्रच्या क्लासवर गेले. दाराशी त्याचा फोटो आहे, 'जीतू सर, बायो के बादशाह'. तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसले. तो चॅनेलच शिकवत होता. आपली आकृती फळ्यावर काढली होती.

बाहेर आल्यावर सगळं सांगितलं.

"मतलब, मॅडम, माझे चार वर्षांचे झिरो बरोबर होते?"

"बरोबर होते."

"आणि आज सकाळपासून जो पढाया, तो चूक?"

"हो."

"एग्झाममध्ये तर हेच विचारतात ना." तो हसला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात की हात नाहीत. मी घरी तसंच सांगितलं." मी माफी मागितली. त्याने चहा मागवला आणि पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत आम्ही तो प्यायलो.

मी लेख मागे घेण्यासाठी नियतकालिकाला लिहिणार आहे. तिघांच्या सह्या लागतील. तुझी पाठव.

वसुधा

ता. क. डोळ्यांत पाणी येईल असा लेख मागितला होतास. जमलाय का बघ.


पुणे
४ मार्च २०२५

वसुधा,

सही पाठवत नाही.

निमंत्रणपत्रिका छापून वाटल्या आहेत. सरांच्या छातीत गेल्या वर्षी दोन नळ्या बसवल्या, त्यांची चौकशी तू केली नाहीस. आयुष्यभराचं काम तू त्यांच्या हातात पिशवीसारखं उलटं करून देणार? कशासाठी? त्या चॅनेलवर कुणाचं औषध अडलेलं नाही, कुणी मरत नाही. थांब. निदान समारंभ होऊ दे. खरं तर थोडी जास्तच थांब. सर असेपर्यंत थांब. मग काय पाहिजे ते छाप, मी सही करतो.

एवढं तरी माझ्यासाठी कर.

हेमंत


सोनागिरी, भोपाळ
१० मार्च २०२५

हेमंत,

सर कधी जातात याची वाट बघत मी सकाळी पेपरात निधनवार्ता चाळायची, ही तुझी योजना माणुसकीची आहे खरी. मला नाही जमणार. संपदाचं वर्ष संपत आलंय, तिला मी आणखी एक 'हात वाईट' सांगणार नाही.

सरांना काल सगळं लिहून पाठवलं, चाळीसही पेशींच्या रेघा जोडून. पाकीट चिकटवताना डिंक पत्त्यावर सांडला. म्हणजे पूर्वी तुम्ही लोक माझ्या हातांचं जे कौतुक करायचात ते आता पुरे.

वसुधा


पुणे
१९ मार्च २०२५

चि. वसुधा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर चिडलो. तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन रेघा पाहिल्या. तेव्हापासून स्वतःवर चिडतो आहे. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे, चिडण्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

काम स्वच्छ आहे. ती मुलगी कोण? तिला म्हणावं, नळी अल्कोहोलने आठवडाभर धुऊन पुन्हा बघ. रेघ बसली तर प्रश्न मिटला. मी हे एकवीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला भाषणांची निमंत्रणं येऊ लागली होती.

एक गोष्ट मात्र उमगत नाही. ही तपासणी तेव्हा झाली होती. लेख पाठवण्याआधी मी हेमंतला सांगितलं होतं, की कोमट पाणी त्याच रबरी नळीतून सोडून बघ. तू तेव्हा वडिलांच्या आजारपणासाठी भोपाळला गेली होतीस. त्याने करून पाहिलं आणि सांगितलं, "काही येत नाही, सर." कदाचित त्या दिवशी नळी दुसरी असेल. त्याची वही मागव, तारीख जूनमधली असावी.

हेमंत परवा येऊन गेला. म्हणाला, वसुधा तुम्हाला मारायला निघाली आहे. मी म्हटलं, मला मारायला बरेच जण रांगेत आहेत, तिचा नंबर लागायला वेळ आहे.

लेख मागे घेण्याच्या पत्रावर सही केली आहे, सोबत पाठवतो. समारंभ रद्द करू नका. शाल मला हवी आहे.

अच्युत


सोनागिरी, भोपाळ
२७ मार्च २०२५

हेमंत,

सरांच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे. तिसरा परिच्छेद वाच.

जूनमधली वही.

वसुधा


पुणे
१५ एप्रिल २०२५

वसुधा,

वही तळघरात नव्हती. माझ्या घरी, कपाटात, वीस वर्षं होती. त्या पानाचा फोटो सोबत आहे. ९ जून २००४. कोमट पाणी, पिवळी नळी, दोन पेशी, दोन्ही वेळा रेघ उडालेली. अक्षर माझं आहे.

त्या दिवशी वही घेऊन मी सरांच्या खोलीत गेलो. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हेमंतला बाहेर पाठवायचं आहे, या लेखावर त्याला कुठेही जागा मिळेल." फोन ठेवून त्यांनी विचारलं, "काय आलं?" मी म्हणालो, "काही येत नाही, सर." चार शब्द. आत जाईपर्यंत खरं सांगायचं ठरलेलं होतं, हे आता सांगून उपयोग नाही, पण ठरलेलं होतं.

पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग त्याच शोधावर तुला भोपाळची जागा मिळाली. आता सांगितलं तर वसुधाची नोकरी जाईल, असं मी स्वतःला सांगू लागलो. तुझ्या भल्यासाठी गप्प बसलोय असं वाटायला लागलं, तेव्हा कुठे बरं वाटलं. जितेंद्रचं तू जानेवारीत लिहिलंस. ते वाक्य मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

दहा तारखेला सरांकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं,

"वहीत लिहिलं होतंस?"

"हो, सर."

"पान फाडलंस?"

"नाही."

"मग तू पूर्ण खोटा नाहीस," म्हणाले. "बाकी सगळा आहेस." आणि मला घरी जायला सांगितलं. चहा विचारला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

समारंभाचं तुला कुणीतरी कळवलं असेलच. सरांनी शाल घेतली आणि म्हणाले, "ज्या शोधासाठी ही शाल आहे, तो चुकीचा निघाला. शाल परत देणार नाही. या हॉलमध्ये मला गार वाटतंय, आणि ते कशामुळे हे आता आम्हाला माहीत नाही." मग तुझं नाव घेतलं, संपदाचं घेतलं. माझं घेतलं नाही. ती सवलत होती, हे मला कळलं.

मी उठलो आणि माइकवर जाऊन सांगितलं, चूक मला तेव्हाच ठाऊक होती. लोकांना वाटलं मी नम्रपणा करतोय. टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा थांबल्या.

अधिष्ठातापद सोडलं आहे. सही सोबत आहे. मला दोन महिन्यांची रजा मिळते आहे. नळीतून नेमकं काय झिरपतं ते शोधायला तुला माणूस लागेल. मी येऊ का? बारा वर्षं मी पिपेटला हात लावलेला नाही, पण भांडी धुवेन.

मला माफ करशील का, हे विचारायचा धीर नाही. तरी विचारतो.

हेमंत


सोनागिरी, भोपाळ
६ मे २०२५

हेमंत,

उत्तराला तीन आठवडे लागले. आधी चार पत्रं लिहिली. पहिल्यात तुला इतकं बोलले होते की आईने लांबूनच विचारलं, "कोणाशी भांडतेस, बसल्या बसल्या?" दुसरं त्याहून वाईट होतं. तिसऱ्यात तुझं म्हणणं पटल्यासारखं लिहिलं, आणि ते वाचून मला माझाच राग आला. चौथं फक्त हिशेबाचं होतं. जितेंद्रची चार वर्षं, संपदाची तीन, माझी बारा. तेही फाडलं. पाठवून तू काय करणार होतास, बेरीज?

कामाचं सांगते. तिन्ही सह्या पोचवल्या, लेख मागे घेतल्याचं पुढच्या अंकात येईल. नळी आठवडाभर अल्कोहोलमध्ये ठेवली, रेघ बसली. सरांना कळवलं. त्यांनी पोस्टकार्डावर फक्त 'हं' लिहून पाठवलं. नवा लेख तयार होतोय. संपदाचं नाव पहिलं, जितेंद्रचं दुसरं, त्याचे चार वर्षांचे झिरो त्यात तक्ता क्रमांक एक आहेत. तो परत यायला तयार नाही. म्हणाला, "इथे मुलं माझं ऐकतात, मॅडम. तिथे पेशी नाही ऐकायच्या." पण त्याने एक मागितलं. संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी, की त्याचे हात चांगले होते. त्याचे वडील कारखान्यात वेल्डर होते, त्यांना दाखवायच्या आहेत. मी दिल्या. शिक्का मारताना कार्यालयातल्या बाबूने विचारलं, "मॅडम, ये कौन सा सर्टिफिकेट है?" मी त्याला शिक्क्याची जागा दाखवली.

ये तू. भांडी धुवायला नको, रबर अल्कोहोलमध्ये भिजवून त्यातले घटक वेगळे काढायचे आहेत, ते तुला येतं. संपदाच्या हाताखाली बसावं लागेल. ती उलट प्रश्न फार विचारते आणि तुझं उत्तर आल्यावर स्वतः करून बघते. वाईट वाटून घेऊ नकोस, माझंही बघते.

माफीचं म्हणशील तर केलेली नाही. लिहून टाकलं असतं तर तुला बरं वाटलं असतं आणि आपल्या खात्यात आणखी एक खोटं निष्कर्षपत्र जमा झालं असतं. जमेल की नाही तेही माहीत नाही. रोज समोर बसून काम केल्यावर काय ते कळेल, आणि कळेल ते तुला तोंडावर सांगेन.

स्टेशनवर घ्यायला येणार नाही, रोज माझा तास असतो. रिक्षावाल्याला सोनागिरी सांग, घरी आई असेल. तू येणार म्हणून तिने आत्तापासून वरची खोली झाडून घेतली आहे. पुण्याला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर ती तुला डबा पाठवायची, आठवतं ना? तिला एवढंच ठाऊक आहे की नळी खराब निघाली. उरलेलं मी सांगितलेलं नाही. ती तुला जेवायला वाढेल, जितेंद्रची गोष्टही काढेल, तो किती सीधा होता, मी त्याला कसं भगवून दिलं. तेव्हा मान खाली घालून जेवत बसू नकोस. तिला सगळं सांग, पहिल्या दिवशी, मी घरी पोचायच्या आत.

वसुधा